जुनी आरपीजी नव्या कन्सोलवर नेताना : कामाच्या नोंदी

१९९८ साली प्लेस्टेशनवर आलेली दोन डिस्कची एक आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान खेळ) आम्ही तिघं नव्या कन्सोलसाठी तयार करतोय. करारातल्या अटीमुळे खेळाचं नाव लिहीत नाही. हक्कधारकांची लेखी परवानगी हातात आल्यावरच कामाला लागलो. असं काम आणखी कुणी हाती घेणार असेल, तर त्याचे निदान काही दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवतोय. आमचा अंदाज पाच महिन्यांचा आहे. कामाचा हिशेब सगळा माणूस-दिवसांत, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम असा, लिहिलाय.

१२ जानेवारी

जुना बॅकअप मिळाला. त्यात सी भाषेतला सोर्स कोड, संवादांच्या फाइल्स, आवाजाचे नमुने आणि तयार पार्श्वचित्रं आहेत. पार्श्वचित्रं ज्या थ्रीडी मॉडेल्सवरून काढली होती ती मॉडेल्स नाहीत, संगीताची मूळ रेकॉर्डिंग्जही नाहीत. तरी एवढं मिळालं हेच खूप. २००२ च्या आइसविंड डेल २ चा सोर्स कोड शोधूनही बीमडॉग या कंपनीला सापडला नाही आणि त्या खेळाची सुधारित आवृत्ती त्यांना काढता आली नाही.

एम्युलेटरमध्ये (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) डिस्क गुंडाळून द्यायची की कोड नव्या कन्सोलसाठी कंपाइल करायचा, म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत बदलायचा, यावर एक दिवस बोललो. एम्युलेटरचं काम लवकर झालं असतं. पण मजकूर, सेव्ह आणि कंट्रोलर यांत हात घालायचा असेल तर कोडच हवा. म्हणून कोडचा रस्ता धरला.

१९ जानेवारी

पहिलं बिल्ड (खेळाची चालणारी आवृत्ती) झालं आणि लढाईत शत्रूला मारलेला घाव लागेचना. प्राण कमी करणारी ओळ कोडमध्ये डोळ्यांसमोर दिसत होती, पण चालत नव्हती. दीड दिवस त्याच फंक्शनभोवती फिरत होतो. चूक त्या ओळीत नव्हतीच, तिच्या वरच्या टिपेत होती, म्हणजे कंपायलर सोडून देतो त्या माणसांसाठीच्या मजकुरात.

टिपा जपानीत आहेत आणि फाइल्स शिफ्ट-जिस एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची जुनी जपानी पद्धत). या एन्कोडिंगमध्ये काही अक्षरांचा दुसरा बाइट आणि बॅकस्लॅशचा बाइट एकच असतो. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी टीप नेमकी अशा अक्षरावर संपली, की कंपायलर तिला ‘पुढच्या ओळीवर चालू’ असं वाचतो आणि पुढची ओळही टिपेत गडप होते. जुन्या कंपायलरला शिफ्ट-जिस कळत होतं, नव्याला कळत नाही. सगळ्या फाइल्स यूटीएफ-८ मध्ये बदलून घेतल्या आणि अशा गिळल्या गेलेल्या ११ ओळी परत आल्या. हे काम पहिल्या दिवशी, एकही ओळ कंपाइल करण्याआधी करायला हवं होतं. बदल करण्याआधी मूळ फाइल्सची प्रत मात्र बाजूला ठेवा. आमच्या एका एडिटरने न विचारता दोन फाइल्स चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केल्या होत्या, त्या प्रतीवरूनच परत मिळाल्या.

१० फेब्रुवारी

बॅकअपमधला कोड आणि विकल्या गेलेल्या डिस्कवरचा कोड वेगळा आहे. दुसऱ्या डिस्कवरच्या एका मोठ्या शत्रूचे प्राण आमच्या बिल्डमध्ये जास्त निघाले, तेव्हा ध्यानात आलं. बॅकअप शेवटच्या दुरुस्त्यांच्या आधीचा आहे.

उपाय वेळखाऊ पण खात्रीचा. त्या काळचा कंपायलर चालू करून घेतला, एकेक फंक्शन त्याच्यातून काढलं आणि डिस्कवरच्या मशीन कोडशी बाइटला बाइट लावून पाहिलं. ४१ फंक्शन्स जुळली नाहीत. ती डिस्कवरच्या कोडवरून हाताने परत लिहिली. १९ दिवस गेले.

यात आमची चूक क्रमाची झाली. दाखवायला काहीतरी हवं म्हणून आधीचे दोन आठवडे आम्ही चित्रांवर घालवले होते. त्यातलं बरंच काम या ४१ फंक्शन्समुळे पुन्हा करावं लागलं. कोड डिस्कशी जुळल्याशिवाय दुसरं काहीही हातात घेऊ नका.

२ मार्च

शहरातल्या घड्याळजीच्या घरात जिना चढला की खेळ बंद पडायचा. कारण असं निघालं की जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या मांजराला सावली दिलेली नाही. सावलीचा पॉइंटर (मेमरीतला तिचा पत्ता) शून्य आहे, तरी कोड त्या पत्त्यावरून उंची वाचतो. प्लेस्टेशनमध्ये शून्य पत्त्यावर खरोखरची रॅम असते, पहिल्या ६४ केबीत कर्नल (कन्सोलची मूळ प्रणाली) बसलेला असतो. तिथून वाचलं तर यंत्र तक्रार करत नाही, जे असेल ते हाती देतं. नवा कन्सोल तिथेच प्रोग्राम थांबवतो.

मला वाटलं, पॉइंटर शून्य असेल तर ते काम टाळायचं, विषय संपला. तसं केलं आणि मांजर पायरीच्या आत रुतलं. म्हणजे कर्नलमधून मिळालेल्या त्या भलत्याच आकड्यावर मांजराची जागा ठरत होती, आणि १९९८ मध्ये कुणीतरी डोळ्यांनी बघून ती जागा नीट लावून घेतली होती. मग अशा सगळ्या जागा शोधल्या. ३१ निघाल्या. प्रत्येक ठिकाणी जुन्या कन्सोलवर काय आकडा येतो ते पाहिलं आणि तोच आकडा आता कोडमध्ये उघडपणे लिहिलाय. मांजर परत पायरीवर आहे.

९ मार्च

आमच्या बिल्डमध्ये नकाशावर चालताना पावलापावलाला लढाई, नाहीतर अर्धा तास एकही नाही. जुन्या कन्सोलचं रँड (सोडतीसारखा आकडा काढणारं) फंक्शन १५ बिटांचा आकडा देतं, ० ते ३२७६७. कोड त्याला १०० ने गुणून १५ बिट उजवीकडे सरकवतो आणि टक्केवारी काढतो. नव्या लायब्ररीचा आकडा ३१ बिटांचा आहे, त्यामुळे गुणाकार ओसंडून ऋण आकडे येत होते. जुनाच जनरेटर लिहून टाकला : ११०३५१५२४५ ने गुणायचं, १२३४५ मिळवायचे, १६ बिट सरकवायचे आणि खालचे १५ ठेवायचे. आकड्यांचा क्रमही तोच ठेवलाय. हा खेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनी कुठे किती पावलं टाकली की लढाई टळते हे पाठ केलेलं आहे.

त्याच आठवड्यात दुकानातल्या तलवारींच्या किमती भलत्याच दिसल्या. जुन्या कंपायलरमध्ये लाँग हा आकड्यांचा प्रकार ३२ बिटांचा होता, आमच्याकडे ६४ चा आहे. फाइल सरळ स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या ठरावीक साच्यात) वाचली जाते, त्यामुळे पहिल्या लाँगनंतरचं सगळं सरकलं. सगळीकडे ठरावीक रुंदीचे प्रकार घातले. अर्धा दिवस.

२८ मार्च

गतीचं काम. खेळात नकाशावर सेकंदाला ३० फ्रेम (पडद्यावरची एकामागून एक चित्रं) आणि लढाईत २० फ्रेम आहेत. सगळं ६० वर न्यायचं म्हणून मी नकाशावरच्या सगळ्या वेगांना दोनाने भागलं. पूर्णांकांचा भागाकार आहे, एकाचं अर्ध शून्य होतं. फ्रेमला एक पिक्सेल चालणारी गोगलगाय जागची हलेना, आणि तिच्या मागून जायचं कोडं सुटेना. लढाईत विषाचा काउंटर भागायचा राहिला, म्हणून विष तिप्पट वेगाने चढायला लागलं.

सात दिवसांचं काम काढून टाकलं. आता हिशेब जुन्याच गतीने चालतो आणि चित्र मात्र दोन हिशेबांच्या मधल्या जागा भरून ६० ने काढलं जातं. नियमांना हात लागत नाही. कॅमेरा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेतो त्या फ्रेमला मधली जागा भरायची नाही एवढं सांभाळावं लागतं, नाहीतर एका क्षणासाठी भिंतीच्या आतलं दिसतं.

२१ एप्रिल

ही नोंद सविस्तर लिहितोय, कारण या कामात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या दिवसाने.

पहिल्या डिस्कच्या शेवटी नायिकेचे वडील घाटावरून बोटीत बसतात. ती काही बोलत नाही. पडदा काळा होतो, आवाज थांबतो, आणि मग ती एकटी घराचं दार उघडते. लहानपणी हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय. आमच्या बिल्डमध्ये तो पाहिला तेव्हा काहीच वाटलं नाही. बोट गेली, दार उघडलं, झालं. कोड तोच, संवाद तेच, संगीत तेच.

जुना कन्सोल शेजारी लावला, दोन्हीकडे एकाच वेळी तो प्रसंग चालवला आणि रेकॉर्ड करून फ्रेम मोजल्या. जुन्यावर काळा पडदा ९४ फ्रेम राहतो, म्हणजे ३० च्या गतीने तीन सेकंदांहून थोडा जास्त. आमच्याकडे चार फ्रेम. स्क्रिप्टमध्ये तिथे थांबण्याची आज्ञाच नाही. तो वेळ डिस्कवरून घराची माहिती वाचण्यात जायचा. प्रसंग लिहिणाऱ्याने तो यंत्रावरच पाहिला असणार, त्याला पुरेशी शांतता मिळाली असणार, म्हणून वेगळी थांबण्याची ओळ लिहायची त्याला गरज पडली नाही.

आता तिथे ९४ फ्रेमची थांबण्याची ओळ आहे. त्यानंतर आम्ही सगळेच प्रसंग जुन्या यंत्राशी लावून बघायचं ठरवलं. १४० ठिकाणी डिस्कचा वेळ पडद्यामागे दडलेला होता. त्यातल्या १७ ठिकाणी तो परत घातला : निरोप, मृत्यू, एक लांबचा प्रवास, आणि किल्ल्याचा मुख्य दरवाजा, ज्याची करकर संपण्याआधीच आमच्याकडे आतलं दालन दिसत होतं. बाकी ठिकाणचं थांबणं गेलेलंच बरं. मेनू उघडायला दोन सेकंद लागावेत असं कुणालाच वाटत नसतं. याचा उलटा अनुभव १९९९ मध्ये आला होता. कार्ट्रिजवरचे फायनल फँटसी ५ आणि ६ हे खेळ प्लेस्टेशनच्या डिस्कवर एकत्र निघाले, आणि जो मेनू कार्ट्रिजवर झटकन उघडायचा तिथे थांबावं लागायला लागलं.

एकूण १२ दिवस. वेळापत्रकात हे काम नव्हतंच.

१४ मे

पार्श्वचित्रं. ६१२ चित्रं आहेत, प्रत्येक ३२० बाय २४० पिक्सेल. एआय अपस्केलरने (तपशील स्वतः भरून चित्र मोठं करणाऱ्या प्रोग्रामने) चौपट मोठी केली. पहिल्या नजरेत सुंदर वाटली, आणि त्या पहिल्या नजरेवर विसंबून आम्ही सगळी करून टाकली. मग एकेक नीट बघायला लागलो. देवळाच्या कमानीवर कोरलेले चेहरे वितळल्यासारखे झालेत. सरायच्या पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीत नसलेली झालीत. पुस्तकांच्या फळीची विटांची भिंत झालीय. शिवाय खांबाच्या मागून पात्र जातं तिथे खांबाचा मुखवटा (पात्राचा कुठला भाग झाकायचा ते सांगणारी आकृती) वेगळा असतो. चित्राची कड आणि मुखवट्याची कड आता एकावर एक बसत नाही, त्यामुळे पात्राभोवती पांढुरकी रेघ दिसते. हाताने दुरुस्त करून पाहिलं, एका चित्राला तीन तास लागले.

२६ दिवसांचं काम टाकून दिलं. मोठी चित्रं दाखवली की लोक खूश होतात, त्यामुळे हा निर्णय जड गेला. पण कुणीतरी पिक्सेल पिक्सेल बघून काढलेला चेहरा पुसून टाकण्याचा हक्क आम्हाला नाही असं मला वाटतं.

आता मूळ चित्रं पूर्ण पटीने मोठी होतात. १०८० ओळींच्या पडद्यावर चौपट, म्हणजे १२८० बाय ९६०, वर-खाली साठ-साठ ओळी रिकाम्या. ७२० ओळींवर तिप्पट आणि ४के वर नऊपट अगदी बरोबर बसतात. पडदा पूर्ण भरायचा असेल त्यांच्यासाठी एक पर्याय ठेवलाय, पण सुरुवातीला तो बंद असतो. पात्रं मात्र पूर्ण रिझोल्यूशनमध्ये काढली तर चित्रावर चिकटवल्यासारखी दिसतात. ती ६४० बाय ४८० मध्ये काढून मग मोठी केली, तेव्हा दोन्हींचं जमलं.

३ जून

अक्षरं. नव्या कन्सोलचा तयार फॉन्ट लावला होता. बारीक, अरुंद, स्वच्छ. टेस्टर म्हणाले, संवाद वाचायला जड जातात. फायनल फँटसीच्या पिक्सेल रीमास्टर मालिकेत २०२१ मध्ये हीच तक्रार झाली होती आणि २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत जुन्या वळणाच्या फॉन्टचा पर्याय द्यावा लागला होता. हे मला माहीत असूनही मी तीच चूक केली. जुन्या फॉन्टच्या प्रत्येक अक्षराची दुप्पट आकाराची आकृती आमच्या चित्रकार सहकारीने हाताने काढली. पाच दिवस. ओळी परत जुन्या जागी तुटायला लागल्या, आणि संवादांत त्याला महत्त्व आहे. काही ठिकाणी विनोद दुसऱ्या ओळीवर येतो.

२७ जून

ठरलेले पाच महिने संपले, काम संपलेलं नाही. हक्कधारकांना स्पष्ट सांगितलं, त्यांनी वेळ वाढवून दिला.

संगीत. जुन्या कन्सोलचा आवाज रेकॉर्ड करून गाणी म्हणून वाजवायची असं ठरवलं होतं. तीन अडचणी आल्या. पुनरावृत्तीच्या जागी टक असा आवाज येतो. लढाई संपली की नकाशावरचं संगीत पहिल्यापासून सुरू होतं, मूळ खेळात ते सोडलं तिथून पुढे चालतं. प्रत्येक लढाईनंतर तेच पहिले आठ स्वर ऐकायचे म्हणजे तासाभरात माणूस कंटाळतो. आणि तिसरी अडचण माहीतच नव्हती : घंटाघराच्या प्रसंगात घंटेचा दोलक संगीतातल्या एका खुणेवर हलतो. रेकॉर्डिंगमध्ये ती खूण नाही, त्यामुळे घंटा वाजते आणि दोलक स्थिर.

रेकॉर्डिंग सोडलं. आवाजाचं काम बघणाऱ्या सहकारीने जुन्या साउंड चिपचं काम कोडमध्ये लिहिलं : २४ आवाज, १६ बाइटांच्या एका ठोकळ्यातून २८ नमुने उलगडायचे, घुमारा २२०५० हर्ट्झवर. आता मूळ सीक्वेन्सच (कुठला स्वर कधी वाजवायचा याची यादी) वाजतो. तिन्ही अडचणी एकदम गेल्या. १५ दिवस, आणि रेकॉर्डिंगचे वाया गेलेले सहा वेगळे.

१८ जुलै

मूळ खेळातले बग ठेवायचे की काढायचे, यावर आमच्यात खरी वादावादी झाली. फायनल फँटसी ६ मध्ये घाव चुकवण्याचा गुण मूळ आवृत्तीत चालतच नव्हता, त्याचं काम जादू चुकवण्याचा गुणच करायचा. गेम बॉय अॅडव्हान्सच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. दुरुस्ती बरोबरच होती, पण तिच्यामुळे खेळाचा तोलही बदलतो.

आमच्याकडे असे २३ बग आहेत. सेव्ह बिघडवणारे किंवा खेळ अडकवणारे सहा काढले. ढालीचा एक आकडा वाचलाच जात नाही, तो तसाच ठेवलाय, कारण पुढचे सगळे शत्रू त्याच अवस्थेत तोलून ठेवलेले आहेत. वस्तू दुप्पट करायची युक्तीही ठेवली. माझं मत विरुद्ध होतं. पण दोघांचं म्हणणं पटलं की ती न वापरणाऱ्याला तिचा त्रास नाही आणि वापरणाऱ्याला ती तोंडपाठ आहे.

९ ऑगस्ट

कन्सोलच्या प्रमाणपत्र चाचणीत पहिल्या फेरीत नापास. चित्रफीत चालू असताना कंट्रोलर तुटला तर खेळ थांबत नाही. मदतीच्या दोन पानांवर जुन्या बटणांची नावं राहिलीत. दुकानात होकार आणि नकार उलटे आहेत.

शेवटच्याचं मूळ मजेशीर आहे. जुन्या प्लेस्टेशनवर जपानमध्ये गोल म्हणजे होकार आणि बाहेर फुली म्हणजे होकार अशी रीत होती. ती २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर सगळीकडे फुली अशी एक झाली. आमच्या कोडमध्ये या दोन रीतींसाठी एक स्विच आहे, पण दुकानाचा पडदा तो स्विच न विचारता थेट बटण वाचतो. तिन्ही दुरुस्त्या दोन दिवसांत झाल्या, पुढच्या फेरीसाठी मात्र १६ दिवस थांबावं लागणार आहे. पहिल्याच फेरीआधी चाचणीची यादी समोर ठेवून प्रत्येक पडद्यावर कंट्रोलर तोडून बघायला हवा होता.

विजेच्या जादूत पडदा सेकंदाला दहादा पांढरा व्हायचा. सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट काही लोकांना अपस्माराचा झटका आणू शकतात. तिथे आता एकच सावकाश उजळणारा प्रकाश आहे. यात जुनं जपायचा प्रश्नच नव्हता.

३० ऑगस्ट

दुसऱ्या फेरीत पास.

खेळ तिप्पट गतीने चालवायची सोय आम्ही दिलीय, तिच्यात एक शेवटचा बग सापडला : त्या गतीत खेळलेला वेळही तिप्पट मोजला जात होता. ४० तासांच्या आत दुसरी डिस्क संपवणाऱ्याला एक तलवार मिळते, ती टेस्टरला मिळाली नाही म्हणून कळलं. आता वेळ भिंतीवरच्या घड्याळाने मोजतो.

श्रेयनामावली मूळ क्रमाने, मूळ वेगाने जाते. आमची तीन नावं ती पूर्ण संपल्यावर येतात.

१२ सप्टेंबर

मास्टर, म्हणजे खेळाची अंतिम प्रत, पाठवला. आठ महिने लागले. सरळ वाया गेलेलं काम मोजलं तर गतीचे ७, चित्रांचे २६, रेकॉर्डिंगचे ६, आणि सुरुवातीच्या क्रमाच्या चुकीचे साधारण ९ दिवस.

आज दिवसभर बॅकअप लावत होतो. मूळ शिफ्ट-जिस फाइल्स जशाच्या तशा, बदललेला कोड, चालू स्थितीतला जुना कंपायलर, जुन्या कन्सोलवर रेकॉर्ड केलेले १४० प्रसंग आणि कुठे किती फ्रेम थांबायचं त्याचा तक्ता. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल आहे, तिच्यात बिल्ड कसं करायचं ते पहिल्या पायरीपासून लिहिलंय. ती वाचून आमच्या चित्रकार सहकारीने, जिने याआधी कधी बिल्ड केलं नव्हतं, संध्याकाळी एका कोऱ्या संगणकावर बिल्ड केलं. दोन पायऱ्या राहिल्या होत्या, त्या लिहिल्या. दुसऱ्या वेळी घाटावरचा प्रसंग पडद्यावर आला, बोट निघाली, आणि काळ्या पडद्याच्या फ्रेम तिने मोजल्या. ९४ होत्या.